सॉक्रेटिसचं चपटं नाक आणि ग्रीकांचं सौंदर्य

ग्रीकांनी ट्रॉय शहराला घातलेल्या वेढ्याला नऊ वर्षं उलटून गेलीत. जहाजांची लाकडं कुजायला लागलीत, दोरखंड सैल झालेत, सैनिकांना घरची ओढ लागलीय. सभा भरलीय आणि सगळे कसेबसे आपापल्या जागी गप्प बसलेत. एकटा थर्सायटीझ तेवढा गप्प बसत नाही. ‘इलियड’ या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात कवी होमर त्याची ओळख करून देतो ती अशी: ट्रॉयला आलेल्यांमधला सगळ्यांत कुरूप माणूस. पाय फेंगडे, त्यातल्या एकाने लंगडा, खांदे पुढे वाकून छातीवर आलेले, डोकं वर निमुळतं आणि त्यावर चार विरळ केस. इतकं नखशिखान्त वर्णन होमरने हेलनचंही केलेलं नाही. तिला पाहून ट्रॉयचे म्हातारे एवढंच म्हणतात, की ही हुबेहूब देवीसारखी दिसते, हिच्यासाठी दोन्ही बाजूंनी इतकी वर्षं हाल सोसले तर दोष कुणाला द्यायचा! तिचं नाक कसं, डोळे कसे, काही नाही.

आता थर्सायटीझ बोलतो काय ते पाहा. तो सेनापती अगमेम्नॉनला सगळ्यांदेखत विचारतो, की तुला अजून काय हवंय? तुझ्या राहुट्या ब्राँझने भरल्यात, शहर पडलं की निवडक बायका आम्ही आधी तुलाच आणून देतो. चला रे, घरी जाऊ. याला बसू दे इथेच आपल्या लुटीवर. यात खोटं काहीच नाही. पहिल्या सर्गात ॲकिलीस या ग्रीक वीराने अगमेम्नॉनला हेच सुनावलंय, आणि जास्त शिव्या घालून. पण ॲकिलीस देखणा, देवीचा मुलगा. त्याने तलवारीला हात घातला तेव्हा त्याला आवरायला खुद्द अथीना देवी खाली उतरली. थर्सायटीझला आवरायला ओडिसियसच्या हातातला राजदंड पुरतो. पाठीवर रक्ताळलेला वळ उठतो, तो मुकाट खाली बसून डोळे पुसतो आणि अख्खी सेना खो खो हसते. कुणीतरी म्हणतं, ओडिसियसने आजवर पुष्कळ चांगली कामं केली, पण या वटवट्याचं तोंड बंद केलं हे सगळ्यांत झकास.

ग्रीक सौंदर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे आणि प्रमाणबद्ध खांब येतात. ते चुकीचं नाही, पण त्या वाटेने गेलं की वाटतं, ग्रीकांनी सौंदर्याचं सूत्र शोधलं आणि विषय संपवला. माझ्या मते त्यांच्या विचारातली खरी गंमत कुरूप माणसांच्या बाजूने पाहिल्यावर कळते. सुंदर असणं ही त्या समाजात खासगी बाब नव्हती. कुणाचं ऐकायचं, कुणाला मान द्यायचा, कुणाला हसायचं, हे त्यावर ठरायचं. आणि म्हणूनच त्याच समाजातल्या काही डोकेबाज लोकांना हे सगळं प्रकरण संशयास्पद वाटू लागलं.

आधी सौंदर्याचा दबदबा किती होता ते पाहू. ‘कालोस’ हा त्यांचा शब्द देखण्या माणसालाही लागायचा आणि सज्जन, उमद्या वागण्यालाही. अथेन्सच्या कुंभारवाड्यातून निघालेल्या इसवी सनपूर्व सहाव्या-पाचव्या शतकातल्या मद्यपात्रांवर चित्रांच्या शेजारी ‘अमुक तमुक मुलगा सुंदर आहे’ असं सरळ लिहिलेलं सापडतं. त्यातलं एक नाव, लिआग्रोस, कितीतरी भांड्यांवर आहे. हा मुलगा पुढे अथेन्सचा सेनापती झाला. इतिहासकार हिरोडोटसने क्रोटनच्या फिलिपसची हकीकत दिलीय. हा ऑलिंपिक विजेता, त्या काळचा सगळ्यांत देखणा ग्रीक. सिसिलीतल्या लढाईत तो पडला, तर शत्रूपक्षाच्या एगेस्टाच्या लोकांनी त्याच्या थडग्यावर स्मारक बांधलं आणि त्याला बळी अर्पण करायला लागले. कारण काय, तर तो सुंदर होता. देखणेपणाच्या स्पर्धाही होत्या. एलिसमध्ये पुरुषांच्या, लेस्बॉसला बायकांच्या. एक प्रथा मात्र मला मनापासून आवडते. अथीनेच्या मोठ्या उत्सवाच्या मिरवणुकीत ऑलिव्हच्या फांद्या घेऊन चालण्यासाठी देखणे म्हातारे निवडायचे. ॲरिस्टॉटलही म्हणतो, की तरुणाचं सौंदर्य वेगळं आणि वृद्धाचं वेगळं; तरुणांमध्ये पाच खेळांच्या स्पर्धेत उतरणारे सगळ्यांत सुंदर, कारण त्यांच्या अंगात ताकदही असते आणि चपळाईही.

दुसरी बाजू भयंकर होती. आयोनियातल्या ग्रीक शहरांत रोगराई किंवा दुष्काळ आला की एखाद्या कुरूप, गरीब, कुणी वाली नसलेल्या माणसाला धरायचे. त्याला अंजीर, सातूची भाकरी, चीज असं खायला घालायचे, मग अंजिराच्या फांद्यांनी मारत गावाबाहेर हाकलायचे. गावाची पीडा त्याच्याबरोबर गेली, अशी समजूत. अथेन्समध्येही थार्गेलिया नावाच्या सणात दरवर्षी दोन माणसांची अशी धिंड निघायची. स्पार्टाबद्दल प्लुटार्क सांगतो, की तिथले वडीलधारे नवजात बाळाला तपासायचे आणि व्यंग असलं तर डोंगराच्या कपारीत टाकून द्यायचे. हे खरोखर सर्रास चालायचं का, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. आणि मजा अशी, की त्याच प्लुटार्कने ज्याचं चरित्र लिहिलं तो स्पार्टाचा नामांकित राजा अजेसिलॉस एका पायाने अधू होता. राजघराण्यातल्या माणसाला नियमात सवलत मिळते, ही काही आजची गोष्ट नाही.

आता मोजमापाकडे वळू, कारण त्याशिवाय विषय पुढे सरकत नाही.

पायथागोरसच्या अनुयायांना एक शोध लागला होता. तार निम्म्या लांबीवर दाबली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. लांबीचं प्रमाण ३:२ किंवा ४:३ ठेवलं तरी दोन स्वर एकमेकांशी जुळतात. म्हणजे कानाला गोड लागणाऱ्या गोष्टीच्या पोटात साधे आकडे दडलेले आहेत. मग डोळ्याला गोड लागणाऱ्या गोष्टीच्या पोटातही असणार! इसवी सनपूर्व ४४० च्या आसपास आर्गॉसच्या पॉलिक्लिटस या शिल्पकाराने हा विचार माणसाच्या शरीराला लावला. त्याने त्यावर एक ग्रंथ लिहिला आणि तो पटवून द्यायला ब्राँझचा भालाधारी तरुण घडवला. ग्रंथ हरवला, मूळ पुतळाही उरला नाही. पुतळ्याच्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला उरल्यात. त्यातली पॉम्पेईला सापडलेली उत्तम नक्कल नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ग्रंथाचा गाभा गेलन या वैद्याने पुढे सहाशे वर्षांनी नोंदवून ठेवला: सौंदर्य हे अवयवांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणात असतं, बोटाचं बोटाशी, सगळ्या बोटांचं तळव्याशी आणि मनगटाशी, त्यांचं कोपरापर्यंतच्या हाताशी, त्याचं दंडाशी, आणि सगळ्याचं सगळ्याशी. आपल्याकडच्या मूर्तिकारांचं तालमान ज्यांनी पाहिलंय, जिथे चेहऱ्याची लांबी हे एकक धरून मूर्ती नऊ ताल, दहा ताल अशी मोजतात, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही. पॉलिक्लिटसचं एकक नेमकं कोणतं होतं यावर मात्र अभ्यासक अजून आकडेमोड करताहेत.

हे माप सर्वमान्य राहिलं असंही नाही. शंभरएक वर्षांत लिसिपसने डोकं लहान आणि अंग सडपातळ करून टाकलं, त्यामुळे पुतळे उंच दिसू लागले. त्याचं म्हणणं, जुन्यांनी माणसं असतात तशी घडवली, मी दिसतात तशी घडवतो. ग्रीक वळणाच्या मूर्ती व्यापाराच्या वाटेने पार आपल्यापर्यंत आल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

एक गैरसमज इथेच झाडून टाकतो. अथेन्सचं पार्थेनॉन हे अथीनेचं मंदिर ‘गोल्डन रेशो’वर म्हणजे १.६१८ वर बांधलंय, असं सांगणारे व्हिडिओ रोज फिरत असतात. युक्लिडने इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास त्या प्रमाणाची व्याख्या दिली हे खरं, पण भूमितीतलं एक गणित म्हणून. सौंदर्याबद्दल तो तिथे अवाक्षर काढत नाही. त्या प्रमाणाला सौंदर्याचं रहस्य बनवलं १९ व्या शतकातल्या जर्मन लेखकांनी, विशेषतः १८५४ मध्ये अ‍ॅडॉल्फ त्साइझिंगने. पार्थेनॉनमध्ये खरोखर पुन्हा पुन्हा सापडणारं प्रमाण ९:४ आहे. तीच गत पांढऱ्या रंगाची. हे पुतळे रंगवलेले असत. केस, ओठ, कपड्यांचे काठ, सगळं. १९७२ साली इटलीत रिआचेजवळ समुद्रात दोन ब्राँझचे योद्धे सापडले, त्यांचे ओठ तांब्याचे आहेत आणि एकाचे दात चांदीचे. आपण ज्याला ग्रीकांची शुभ्र, संयत अभिरुची समजतो ती बरीचशी पावसापाण्याने रंग धुऊन गेल्याची करामत आहे.

मापाच्या सिद्धान्तात अडचण आहे ती अशी: जे मापात बसत नाही ते कुरूप, इतकं सरळ उत्तर त्यातून निघतं. आणि अथेन्सच्या रस्त्यांवरून एक माणूस अनवाणी फिरत होता, ज्याच्यापुढे हे उत्तर टिकेना.

सॉक्रेटिसचं नाक बसकं, नाकपुड्या फेंदारलेल्या, डोळे बाहेर आलेले, ओठ जाड, पोट सुटलेलं. त्याचे चाहतेही हे लपवत नाहीत. झेनोफनने एका मेजवानीचा वृत्तान्त लिहिलाय, त्यात सॉक्रेटिस क्रिटोबुलस नावाच्या देखण्या पोराशी सौंदर्याची पैज लावतो. सॉक्रेटिस आधी कबूल करून घेतो, की घोडा सुंदर, बैल सुंदर, ढाल, तलवार, भालाही सुंदर. इतक्या वेगळ्या वस्तू सुंदर कशा? पोरगा म्हणतो, ज्या कामासाठी आहेत त्या कामाला चोख असल्या की सुंदर. मग सुरू होते उलटतपासणी.

“डोळे कशासाठी लागतात आपल्याला?”

“बघायला, अर्थात.”

“मग माझे डोळे तुझ्यापेक्षा सुंदर. तुझे फक्त समोरचं बघतात. माझे बाहेर आलेत, त्यामुळे बाजूचंही दिसतं.”

“म्हणजे सगळ्या प्राण्यांत खेकड्याचे डोळे सुंदर म्हणायचे?”

“अगदी बरोबर!”

नाकाचंही तसंच. तुझ्या नाकपुड्या जमिनीकडे बघतात, माझ्या चहूकडचे वास घ्यायला उघड्या आहेत. शिवाय चपटं नाक दोन डोळ्यांच्या मध्ये भिंत घालत नाही. तोंडावर येईपर्यंत क्रिटोबुलस स्वतःच शरण येतो: चावण्यासाठी तोंड असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा मोठा लचका तोडाल. शेवटी मतदान होतं. सॉक्रेटिस मुद्दाम दिवा पोराच्या चेहऱ्याजवळ धरायला लावतो, पंचांची फसगत नको म्हणून. गुप्त मतं मोजली तर सगळीच्या सगळी क्रिटोबुलसला. क्रिटोबुलसने पंचांना लाच दिली, असा आरोप सॉक्रेटिसने केला आणि सगळे हसले.

हा नुसता विनोद नाही. सुंदर म्हणजे कामाला योग्य, ही व्याख्या क्रिटोबुलसनेच दिली होती. ती शेवटपर्यंत ताणली की खेकडा जिंकतो. आणि तरीही मत देताना कुणी व्याख्येकडे पाहत नाही, सगळे चेहऱ्याकडे पाहतात. बुद्धीला पटतं एक, डोळ्याला भावतं दुसरं, ही फट झेनोफनने खाण्यापिण्याच्या गप्पांत उघडी करून ठेवलीय.

प्लेटोच्या एका संवादात हीच गोष्ट आणखी खोल जाते. तिथे सॉक्रेटिसच्या समोर हिप्पियस आहे, गावोगाव व्याख्यानं देऊन गडगंज कमावलेला पंडित. प्रश्न साधा: सुंदर म्हणजे काय? हिप्पियस म्हणतो, सुंदर मुलगी. सॉक्रेटिस म्हणतो, बरं, पण माझ्या ओळखीचा एक उद्धट माणूस आहे, तो विचारेल की सुंदर घोडी नसते का? सुंदर वीणा? आणि चांगल्या कुंभाराने घडवलेलं, गुळगुळीत, नीट भाजलेलं, दोन कानांचं मडकं? मडक्याचं नाव काढताच हिप्पियस चिडतो. असल्या भारदस्त विषयात असले शब्द! मग तो उत्तर बदलतो: सोनं. ज्याला सोनं लागलं ते सुंदर. सॉक्रेटिस विचारतो, चुलीवर मडक्यात कडधान्याचं कालवण रटरटतंय, ते ढवळायला सोन्याची पळी बरी की अंजिराच्या लाकडाची? लाकडाची पळी कालवणाला सुवास देते, आणि मडकं फोडून जाळ विझवत नाही. मग लाकडी पळी सोन्याच्या पळीहून सुंदर, नाही का?

संवाद संपेपर्यंत उत्तर सापडत नाही. सॉक्रेटिस एवढंच म्हणतो, की ‘सुंदर ते अवघड’ या म्हणीचा अर्थ आज कळला. पण वाचणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट येते. सुंदर माणसं, सुंदर वस्तू दाखवणं सोपं आहे. त्या सगळ्यांत समान काय, हे सांगणं अशक्यप्राय. प्लेटोने पुढे ‘सिम्पोजियम’ या मेजवानीवरच्या ग्रंथात त्यावर उत्तर दिलं, की ते समान तत्त्व या जगात नाहीच, ते पलीकडचं आहे, आणि एका देहाच्या प्रेमातून सगळ्या देहांच्या, मग मनाच्या, मग ज्ञानाच्या सौंदर्याकडे असं पायरीपायरीने चढत तिथे जायचं. ही शिडी फार प्रसिद्ध आहे. मला तिच्यापेक्षा त्याच ग्रंथात शेवटी दारू पिऊन येणारा अल्सिबायडीझ जास्त भावतो. अथेन्सचा सगळ्यांत देखणा तरुण, आणि तो भर मेजवानीत सांगतो की मी या बेढब माणसाच्या मागे वेडा झालो आणि याने मला दाद दिली नाही. सॉक्रेटिसला तो सायलेनसच्या मूर्तीची उपमा देतो. वरून दारुडा वनदेव, आणि उघडली की आत देवांच्या चिमुकल्या मूर्ती.

थर्सायटीझच्या काळी बाहेरचं रूप आतल्या माणसाचा पुरावा मानलं जात होतं. इथे तो पुरावा रद्द होतो. तसं होमरलाही थोडा संशय होताच. निरियस हा ॲकिलीसच्या खालोखाल देखणा, पण त्याच्यामागे तीनच जहाजं, कारण गडी कमकुवत. आणि पॅरिस तर रूपाने राजबिंडा आणि ऐन लढाईत पळपुटा, त्यावरून त्याचा भाऊ हेक्टर त्याची खरडपट्टी काढतो.

ॲरिस्टॉटलचा स्वभाव निराळा. त्याला पलीकडच्या जगात रस नाही, समोर काय दिसतं ते तो पाहतो. व्यवस्था, प्रमाण आणि निश्चित सीमा, ही सौंदर्याची मुख्य रूपं म्हणून त्याने सांगितली. वस्तू नजरेच्या आवाक्यात हवी, हेही तोच म्हणतो: अगदी सूक्ष्म प्राणी सुंदर वाटणार नाही आणि शेकडो कोस लांबीचाही नाही, कारण पूर्ण आकार एका नजरेत मावत नाही. रूपाच्या बाबतीत तो कधी कधी निष्ठुर वाटतो. अगदीच कुरूप माणूस पूर्ण सुखी होणं कठीण, असं त्याने नीतिशास्त्रात लिहून ठेवलंय. पण त्याच ग्रंथात पुढे एक न्याय्य भेदही करतो: जन्मतः कुरूप असणाऱ्याला कुणी दोष देत नाही, व्यायाम न करता शरीराची हेळसांड करणाऱ्याला देतात.

त्याचं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण मात्र चित्रांबद्दल आहे. प्रत्यक्षात पाहवत नाहीत अशा गोष्टी, म्हणजे किळसवाणे प्राणी आणि प्रेतं, हुबेहूब रंगवलेल्या असल्या की आपण आवडीने पाहतो. असं का? तर ओळखण्यात आनंद आहे म्हणून. ‘अरे, हे तर तेच’ असं मनात होतं आणि ते शिकण्याचं सुख असतं. प्राणिशास्त्रावर लिहितानाही तो विद्यार्थ्यांना बजावतो, की क्षुद्र प्राण्यांकडे पाहून नाक मुरडू नका, प्रत्येकाच्या रचनेत काहीतरी सुंदर आहे. म्हणजे कुरूप वस्तू तशीच राहते, तिच्याकडे पाहणं मात्र सुंदर होऊ शकतं. नंतरच्या ग्रीक शिल्पकारांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली. म्युनिकच्या संग्रहालयात एका म्हातारीची रोमन नक्कल आहे. ती जमिनीवर बसलीय, मान मागे टाकलेली, गळ्याची हाडं वर आलेली, खांद्यावरचं वस्त्र घसरलंय आणि दोन्ही हातांनी सुरई कवटाळलीय. रोममध्ये १८८५ साली सापडलेला थकलेला मुष्टियोद्धा बघा: नाक मोडलेलं, कान सुजलेले, आणि जखमांतून ठिबकणारं रक्त ब्राँझमध्ये लालसर तांबं बसवून दाखवलेलं. पॉलिक्लिटसच्या तरुणापुढून मी दोन मिनिटांत पुढे सरकेन, या मुष्टियोद्ध्यापुढून हलणं कठीण.

मोजमापाच्या सिद्धान्ताला शेवटचा जोरदार धक्का दिला तो प्लॉटिनस या तत्त्वज्ञाने, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात. तो रोममध्ये शिकवायचा, लिहायचा ग्रीकमध्ये. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. सौंदर्य जर भागांच्या प्रमाणात असेल, तर ज्याला भागच नाहीत ते सुंदर कसं? उजेड, विजेची रेघ, एकटा स्वर, सोन्याचा रंग? आणि चेहरा तोच, प्रमाण तेच, तरी तो कधी सुंदर वाटतो आणि कधी नाही, हे का? नुकत्याच मेलेल्या माणसाच्या नाकाडोळ्यांची मापं बदललेली नसतात, पण तेज गेलेलं असतं. म्हणून जिवंत कुरूप माणूस पुतळ्यातल्या देखण्या माणसाहून सुंदर, असं तो बेधडक म्हणतो. थर्सायटीझ आणि भालाधारी तरुण शेजारी उभे केले असते, तर प्लॉटिनसने कौल कुणाला दिला असता हे उघड आहे.

त्याला स्वतःच्या रूपाचं मात्र काडीचं कौतुक नव्हतं. आपण देहात अडकलोय याचीच त्याला लाज वाटायची, असं त्याचा शिष्य पोर्फिरी सांगतो. चित्र काढून घ्यायला तो साफ नकार देई. निसर्गाने गळ्यात मारलेली ही प्रतिमा वागवतोय तेवढं पुरे, आता प्रतिमेची प्रतिमा कशाला? तेव्हा अमेलियस या शिष्याने कार्टेरियस नावाच्या चित्रकाराला गुपचूप वर्गात आणून बसवायला सुरुवात केली. व्याख्यानं सगळ्यांना खुली होती. चित्रकार ऐकत बसायचा, चेहरा डोक्यात साठवून घरी जायचा आणि रेखाटायचा. अमेलियस त्यात दुरुस्त्या सुचवायचा. अशा रीतीने प्लॉटिनसचं हुबेहूब चित्र तयार झालं, आणि त्याला पत्ताही लागला नाही.